शब्दप्रभूंची बटणं

"हॅलो?… कोण?… आवाज नाही ओळखला जी… कृष्णकांत? कोणते कृष्णकांत?"

प्रणाली धकातेनं आवाज पहिल्या श्वासालाच ओळखला होता. नावही मोबाइलवर आलंच होतं; तिनंच ते 'बोरकुटे उचलू नये' असं साठवून ठेवलेलं. तरी तिनं उचलला. तीन महिने ती या फोनची वाट बघत होती, आणि एवढी वाट बघणाऱ्या माणसाला दोन मिनिटं ओळख न दाखवण्याचा हक्क असतो, असं तिचं मत होतं.

"बर्डीच्या बाजारातले?… बर्डीवर तर लय कृष्णकांत असतीन… हां. कीर्तिसुमन सन्मानचिन्ह भांडार. मंग असं सांगा ना, भाऊ… नाही, घरीच आहो. खापरखेड्याले. तुमीच तर बसवलं घरी."

समोर तिची आई, गोपिकाबाई, सुपात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. दुकानाचं नाव कानावर पडताच त्यांचा हात थांबला. प्रणालीनं 'सोल तू' अशी डोळ्यांनी खूण केली आणि कानातली वायर नीट खोचली. आवाज फक्त त्या वायरीत येत होता, त्यामुळे गोपिकाबाईंच्या वाट्याला निम्माच फोन येणार होता. पण लेकीचा चेहरा असा काही उजळत चालला होता, की उरलेल्या निम्म्याचं काही बरं चाललेलं नाही एवढं त्यांना कळलं.

"इतकं हळू काहून बोलून राहिले?… संडासात?… कोणाच्या?… सभागृहाच्या. बरं. तिथं काय हाय?… सत्कार. तो तर रोजच असते. कोणाचा?… तुमचा?"

तिनं आईच्या सुपातला एक दाणा तोंडात टाकला.

"नाही नाही, ऐकून राहिली मी. अभिनंदन. कोण करून राहिले?… विक्रेता संघ. म्हणजे शाल-नारळवाल्यांचा सत्कार शाल-नारळवालेच करून राहिले. सोयीचं हाय… पुरस्काराचं नाव काय म्हणता?… परत सांगा, पाणी पडून राहिलं तिथं… 'शब्दप्रभू'."

हा शब्द तिनं आईकडे बघून, तोंडात चॉकलेट ठेवावं तसा हळूच ठेवला.

बोरकुट्यांच्या दुकानात सत्काराचा पूर्ण संच मिळे : शाल, नारळ, ट्रॉफी आणि सोनेरी काठाच्या कागदावर छापलेलं मानपत्र. गिऱ्हाइकानं फक्त सत्कारमूर्ती आणायची. गेल्या चार वर्षांत त्या दुकानातून चारशेच्या वर मानपत्रं बाहेर पडली. निवृत्त मुख्याध्यापक, नवे सरपंच, जुने डॉक्टर, एक पहिलवान. सगळी प्रणालीनं लिहिली होती. खाली बारीक अक्षरात छापलेलं असायचं, 'शब्दांकन : कृष्णकांत बोरकुटे'.

सतराव्या वर्षी संधिवातानं तिची बोटं धरली. एकेक बटण दाबायचं म्हणजे कळ पार कोपरापर्यंत जायची. डॉक्टरांनी दिवसाला पंधराशे बटणं ठरवून दिली, त्यावर एकही नाही. पंधराशेत धड एक पान होत नाही. म्हणून तिनं शब्द सुचवणारं सॉफ्टवेअर घेतलं. आपण दोन अक्षरं टाकायची, ते अख्खा शब्द पुढे करतं. टॅबचं बटण दाबलं की शब्द बसला. मग पुढचा शब्द, मग पुढची ओळ. पण ते शिकतं आपल्याच लिहिण्यावरून. चार वर्षांत ते तिच्याइतकं शिकलं होतं. 'कर्त' म्हटलं की 'कर्तव्य करून घरी जाताना ज्यांनी कधी मागे वळून टाळ्यांची वाट पाहिली नाही' असं उभं राहायचं. ही ओळ तिनं खापरखेड्याच्याच वीज केंद्रातल्या एका फोरमनसाठी लिहिली होती, आणि तो माणूस मंचावर रडला होता.

बोरकुट्यांनी मागे उभं राहून बघितलं, तर त्यांना दिसलं एकच : पोरगी टॅब दाबते आणि मानपत्र होतं. दिवाळीच्या आधी त्यांनी तिला सांगितलं, की महिनाअखेर हिशेब पुरा करू. तिनं कारण विचारलं, तर म्हणाले, "मशीनच लिहिते वं सगळं. तू काय करते?"

लॅपटॉप दुकानाचा. तिच्याकडून शिकलेले शब्द सॉफ्टवेअर ज्या फाइलमध्ये साठवायचं तीही, म्हणे, दुकानाची. स्टेपलर घरी नेता येत नाही तशी तीही नेता येत नाही. शेवटचा महिनाभर तिचा पेनड्राइव्ह रोज गल्ल्यात जमा करून घेतला जायचा. ती घरी आली ती रिकाम्या हातानं. सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते तिनं भावाच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकलं, पण ते कोरं होतं. 'कर्त' म्हटलं की 'कर्ता' सुचवायचं, नाहीतर काहीच नाही. तीन महिन्यांत तिला पाच कामं आली आणि तीन तिनं बोटांपायी परत केली. ती फाइल परत मिळाली नाही तर हा धंदा तिच्यासाठी संपलाच होता.

"मंग? मी काय करू त्याले? मानपत्र तर लिहिलंच असंन तुमी… हो, मशीननं. तेच म्हणते मी… चुकलं? मशीन चुकलं? असं कसं… बरं, वाचा. काय आलं?… मोठ्यानं वाचा जी… 'श्री. कृष्णकांत बोरकुटे हे विदर्भातील एकमेव सद्गृहस्थ आहेत'… बरोबरच तर हाय… पुढं… 'ज्यांनी आयुष्यात शाल एकदाच विकत घेतली.'… हो… हो… थांबा, थांबा. आई बसली हाय समोर, तिले सांगते."

तिनं आईला सांगितलं. पुढचं वाक्यही तिनं बोरकुट्यांच्या मागोमाग, एकेक शब्द तोलत, आईसाठी मोठ्यानं म्हटलं.

"'ती शाल आजवर अकरा मान्यवरांच्या खांद्यांवर विसावली, आणि दर वेळी धुण्याच्या निमित्तानं दुकानात परत आली.'… अकराच लिहिलं का? बारा झाले असतीन आता. मी गेल्यावर एखादा तर झालाच असंन… ओरडू नका, भाऊ. बाहेर पाहुणे असतीन… अजून हाय? वाचा ना… 'त्यांच्याकडील नारळ हलवून पाहू नये, ही नम्र विनंती.'… हे मस्त जमलं."

गोपिकाबाईंनी पदर तोंडावर घेतला. सुपातले दाणे हलू लागले.

"छापलं का हे?… फ्रेम बी केली? काचेची?… आणखी?… दोनशे प्रती. खुर्च्यांवर. मंग आता?… गोळा करून राहिले. किती झाल्या?… एकशे चौऱ्याण्णव. म्हणजे सहा जण वाचून राहिले… अध्यक्ष हसले? मंग त्यातली एक त्यांच्यापाशी हाय… पण तुमी छापायच्या आधी वाचलं नाही?… हो. हो. बारा बटणांत झालं म्हणता. लय खुश झाले असान."

बोरकुट्यांना दोष देऊन उपयोग नव्हता. त्या धंद्यात मानपत्र कोणीच वाचत नाही. लिहून घेणारा फक्त नाव तपासतो, वाचून दाखवणारा पुढच्या चहाकडे डोळे लावून वाचतो, आणि ज्याचा सत्कार तो फोटोसाठी मान वर धरून असतो. मग फ्रेम घरी खिळ्यावर जाते. बोरकुट्यांनी तीन महिन्यांत तीस-चाळीस मानपत्रं अशीच टॅब दाबत काढली होती, आणि सगळी ठीक निघाली होती. कारण गिऱ्हाइकांशी प्रणालीचं काहीच वैर नव्हतं.

"मी?… मी काहून करीन असं?… हो. मीच केलं."

हे तिनं शेंगांचा भाव सांगावा इतक्या सहज सांगितलं.

केलं होतं ते असं. एखादी ओळ पाच-सहा वेळा मन लावून टाइप केली, की मशीन ती आपली मानतं. शेवटच्या महिन्यात ती रोजच्या पंधराशेतली दोनशे बटणं बाजूला काढायची. बाकीच्या पोरी लग्नासाठी साडी बाजूला काढतात, तशी. आणि बोरकुटे जेवायला गेले की मशीनला एकच गोष्ट शिकवायची : 'श्री. कृष्णकांत बोरकुटे हे' एवढ्या शब्दांनंतर काय यावं. दुसऱ्या कुठल्याही नावानंतर नाही, फक्त त्याच. बोटं सुजायची. रात्री ताट धरवत नसे, आई भरवायची. गोपिकाबाईंना वाटायचं, पोरीवर कामाचा भार फार आहे. होताही.

तिचा भरवसा एकाच गोष्टीवर होता. हा माणूस कधीतरी स्वतःचं मानपत्र स्वतः लिहील.

"आता रागावून काय होते?… पोलीस? सांगा ना पोलिसाले. काय सांगसान, मशीननं खरं लिहिलं म्हणून?… बरं, मी ठेवते मंग… नाही म्हणता? ठेवू नको?… किती वेळ हाय?… पन्नास मिनिटं. प्रिंटर?… सोबतच हाय, हो. तुमी नेता प्रिंटर, आयत्या वेळी नाव चुकते म्हणून. लॅपटॉप बी हाय?… मंग माझी फाइल बी तिथंच हाय."

ती ताठ बसली. आवाजातली गंमत गेली, पण आवाज वाढला नाही.

"ऐका, भाऊ. आधी माझी फाइल. मंग मानपत्र… नाही, आधी… तुमच्या शब्दावर? तुमच्या शब्दावर कशी, भाऊ, तुमच्याजवळ शब्दच कुठं हाय… मोबाइलचं इंटरनेट लावा लॅपटॉपले. ईमेल पाठवते मी पत्ता… हो, थांबते. मी कुठं जाऊन राहिली."

दोन मिनिटांनी भावाच्या कॉम्प्युटरवर काहीतरी येऊन पडलं. तिनं उघडलं.

"हे काय पाठवलं?… ही ट्रॉफ्यांची यादी हाय जी. मोठा गरुड, मधला गरुड, पंख तुटलेला गरुड… चुकून? चुकून असंन. आता चाळीस मिनिटं राहिली… हो, तीच. माझ्या नावाची… दाबा."

या वेळी आली ती. तिनं ती जागेवर टाकली आणि सॉफ्टवेअर पुन्हा सुरू केलं. मग एका बोटानं क दाबला, र्त जुळवला, आणि थांबली. पडद्यावर, कोणी न सांगता, 'कर्तव्य करून घरी जाताना' उभं राहिलं. पुढची सगळी ओळ त्याच्या मागे रांगेत उभी होती. फोरमन, पहिलवान, रामटेकच्या एक शिक्षिका, सगळे आत होते. प्रणालीनं टॅब नाही दाबला. नुसतंच बघत राहिली. आईनं विचारलं, आलं का गं? तिनं मान हलवली.

"हॅलो… हो, आहो ना. मिळाली… मानपत्र? लिहू ना. पण आधी तुमच्याजवळची काढा… लॅपटॉपमधली. पुसा… भाऊ, अडोतीस मिनिटं… पुसली? खरं?… मंग एक काम करा. नवीन पान उघडा. 'क' दाबा. मंग 'र्त'. काय आलं?… फक्त 'कर्त'? बाजूले काहीच नाही सुचवत?… मंग झालं."

आता लिहून पाठव, अशी पलीकडून घाई सुरू झाली असावी. कारण प्रणाली मधेमधे नुसतंच 'हो… हो ना…' करत होती आणि बोटांची नखं बघत होती. टाइप करायला तिला आता खरंतर दहा मिनिटंसुद्धा लागली नसती.

"नाही. मी सांगीन, तुमी टाइप करसान… काहून म्हणजे? तुमाले 'शब्दप्रभू' म्हणून राहिले ना आज? एखादा शब्द तरी हातानं लिहा… मशीन नाही आता. पूर्ण टाइप करा, एकेक बटण… लॅपटॉप कुठं ठेवता?… बेसिनवर. ओला करू नका. घ्या, सांगते. 'विदर्भाच्या सन्मानसंस्कृतीचे अध्वर्यू'…"

तिला साधे शब्द येत नव्हते असं नाही. पण आज तिनं मनातल्या कपाटातून फक्त जोडाक्षरांचे काढले. अध्वर्यूनंतर 'औदार्यमूर्ती' आले, त्यांच्यामागून 'सर्वस्पर्शी', आणि 'ज्यांच्या कर्तृत्वाचा वृक्ष' म्हणत ती वृक्षाशी मुद्दाम थोडी रेंगाळली.

"झालं का?… 'अध्वर्यू'वरच आहे अजून? ध ले व जोडा. मंग र ले य… तसं नाही, आधी र… परत पुसा… किती बोटं वापरून राहिले?… दोन. मले एकच हाय, भाऊ, तरी होते… काय?… सलग नका सांगू? मंग कसं?… अक्षर-अक्षर सांगू. बरं. तुमीच म्हणता तर. आधीचं सारं पुसा, पहिल्यापासून घेऊ."

इथे तिला एक गोष्ट आठवली. तीन महिने कोऱ्या मशीनवर काम करताना तिच्या ती लक्षात आली होती. अक्षर-अक्षर लिहिणाऱ्या माणसाला वाक्य दिसत नाही. पुढचं बटण कुठे आहे एवढंच त्याला दिसतं. ओळ संपेपर्यंत ओळ कशाची होती हेच तो विसरलेला असतो. तिला प्रत्येक ओळ नंतर वाचून बघावी लागायची. आणि बोरकुटे वाचून बघणाऱ्यातले नव्हते.

तिनं पाय खाटेवर घेतले आणि आवाज अगदी सपाट केला, रेल्वेच्या घोषणेसारखा.

"'आ'… 'प'… 'ण'. जागा सोडा… 'च' ले काना. 'र'. 'शे'. हो, चारशे… 'मा'… 'न्य'… ते अर्धा न… 'व'… 'रां'… 'ना'. जागा… दार कोण वाजवून राहिलं?… अध्यक्ष? म्हणा, येतो… घ्या पुढं. 'श'… 'ब्द'… 'दि'… 'ले'. टिंब."

गोपिकाबाई चौथी शिकल्या होत्या. अक्षर-अक्षर वाचायची सवय त्यांना होती. त्यांनी आयुष्यभर सगळं तसंच वाचलं होतं. दुकानांच्या पाट्या, गॅसचं कार्ड, लेकीच्या औषधाच्या चिठ्ठ्या. शेंगा सोलता सोलता त्या मनात अक्षरं जोडत होत्या, आणि त्यांचा अंगठा हळूहळू मंदावत गेला. प्रणाली सांगत गेली. बोरकुटे बेसिनवर वाकून, दोन बोटांनी, घामेजून टाइप करत गेले. कुठे उकार पहिला की दुसरा ते विचारायचे. तीही प्रेमानं सांगायची. तीन ओळी झाल्या तेव्हा गोपिकाबाईंच्या मनात त्या पूर्ण जुळल्या होत्या :

'आपण चारशे मान्यवरांना शब्द दिले. त्यांतला एकही आपला नव्हता. ते एका मुलीने दुखऱ्या बोटांनी लिहिले; आपण ते ठेवून घेतले आणि तिला घरी पाठवले.'

"अवं," गोपिकाबाई म्हणाल्या, "हे तर…"

प्रणालीनं ओठांवर बोट ठेवलं.

"नाही, आई बोलली. शेंगांचं काही… 'वले' झालं? टिंब द्या. आता शेवटची ओळ, मोठी नाही. 'या'… 'सा'… 'ठी'. जागा… 'आ'… 'म्ही'… हो, म ले ही जोडा… 'आ'… 'प'… 'ला'. जागा. 'स'… 'त्का'… 'र'… 'क'… 'र'… 'तो'. टिंब… झालं. हात दुखून राहिले?… मनगट? हो. तिथूनच सुरू होते… वाचून बघता का एकदा?… नाही? चौदा मिनिटं हाय तसे… बरं, तुमची मर्जी."

मग तिनं जरा वेगळ्या आवाजात सांगितलं, की खाली एक ओळ राहिली आहे.

"'शब्दांकन'. मंग दोन टिंब. मंग 'प्र'… काय झालं?… हो, 'प्र' म्हणजे मीच… काहून नाही? लिहिलं कोणी?… भाऊ, चार वर्षं झाली. एकदा तरी… नाही म्हणता. 'शब्दप्रभू'च्या मानपत्रावर दुसऱ्याचं नाव कसं दिसंन. हो. ते बी हाय."

अख्ख्या पानात या माणसाच्या नजरेस एकच शब्द पडला होता, आणि तोही अर्धा. चार वर्षं तिला ती एक बारीक ओळ हवी होती. सत्कार संपून लोक उठून गेल्यावर रिकाम्या खुर्च्यांवर उरलेली मानपत्रं डोळ्यांपुढे आणून तिनं कितीदा आपलं नाव त्यांच्या तळाशी छापून बघितलं होतं. आता ते पुन्हा नाकारलं गेलं, आणि ती चिडणार इतक्यात तिला त्या पानाचा तळ दिसला. मुलीनं लिहिलेले शब्द ठेवून घेतले, असं सांगणारं पान. आणि खाली सांगणाऱ्याचं नाव, कबुलीजबाबावर असतं तसं.

तिचा चेहरा पाहून गोपिकाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

"बरं, भाऊ. माझं नाव नका टाकू… नाही, नाही रागावली. मंग कोणाचं टाकता?… हो… हो ना, तुमचंच टाका. अक्षर-अक्षर सांगू का?… ते येते तुमाले. पूर्ण नाव टाका, वडिलांचं बी. आणि फ्रेमीत घालायच्या आधी खाली सही करा… निळ्या पेनानं, उठून दिसते… बोलावून राहिले? मंग जा ना, जा. आभार कशाचे. मी कुठं काय केलं, तुमीच लिहिलं सगळं. ठेवा."